एका शब्दाचे देणे

विधुराने पुन्हा संसार मांडावा किंवा कसे, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाही. नवे असलेच तर इतकेच की, पूर्वी तो घरातील वडीलधारी मंडळी सोडवीत असत आणि हल्ली तो मुले व सुना सोडवितात. ज्याचा प्रश्न त्याचे मत तेव्हाही कोणी विचारीत नसे आणि आजही फारसे कोणी विचारीत नाही. या महिन्यात वाचकांपुढे आम्ही अशाच एका विधुराची हकीकत ठेवीत आहो. हा गृहस्थ भाविक होता, मनस्वी होता, आणि महाराष्ट्राने त्याच्यावर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणा कलावंतावर केले असेल. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचे नाव. बालगंधर्व ही त्यांची पदवी. ती लोकमान्य टिळकांनी दिली, असे सर्वत्र सांगितले जाते. पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली निवर्तल्या आणि १९५१ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, नारायणरावांनी गोहरबाई कर्नाटकी या विख्यात गायिकेशी विवाह केला. गोहरबाई मुसलमान होत्या. पुण्याच्या पेठांतून या विवाहाविषयी जे बोलले गेले त्याचा पडसाद अद्यापि पुरता विरलेला नाही. म्हणूनच हा विषय.

प्रथम बिजवरासंबंधी आपल्या समाजाची रीत काय होती ते पाहू. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे परम ईश्वरभक्त आणि सुधारणेचे अग्रणी. १८७३ साली त्यांची प्रथम पत्नी वारली. त्या वेळी त्यांचे वय एकतीस होते. एखाद्या विधवेचे पाणिग्रहण त्यांनी करावे अशी मित्रांची अपेक्षा होती; परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कन्येशी त्यांचा विवाह लागला. त्या कन्येचे पुढे रमाबाई रानडे झाले, पुण्याचे सेवासदन उभे राहिले, हे आपले भाग्य. पण एकतीस वर्षांचा वर आणि अकरा वर्षांची वधू यांत सनातनी मंडळींस काहीच वावगे दिसले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांची नाराजी होती ती सुधारकांवर. आणि सुधारकांची होती ती रानड्यांवर. पुढे १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांनी 'शारदा' नाटक लिहून जरठ-कुमारी विवाहाचे वाभाडे काढले, तेव्हा कोठे त्या रीतीची लोकांस लाज वाटू लागली.

याच्या उलट उदाहरण धोंडो केशव कर्व्यांचे. तेही विधुर. १८९३ साली पुण्यात त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, आणि मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांस वाळीत टाकले. म्हणजे बिजवराने अजाण पोर घरात आणली तर तो धर्म, आणि जाणत्या स्त्रीचा तिच्या संमतीने स्वीकार केला तर तो अधर्म, असा हा न्याय. कर्व्यांस १९५८ साली भारतरत्न लाभले आणि तत्पूर्वीच समाजाने त्यांच्या पत्नीस 'बाया' म्हणून हृदयाशी धरले होते. गोहरबाईंच्या वाट्यास मात्र तसे काहीच आले नाही. असे का व्हावे?

उत्तर शोधण्यापूर्वी बालगंधर्वांनी आपणांस काय दिले याचे स्मरण करू. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला झाले. पुढे सुभद्रा झाले, १९११ साली 'मानापमाना'तील भामिनी झाले, आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर १९१६ साली 'स्वयंवरा'तील रुक्मिणी झाले. जरा विचार केला तर एक गंमत ध्यानी येते. शकुंतलेने पित्याच्या अनुपस्थितीत वर निवडला. सुभद्रेने वडील भावाने योजिलेला वर नाकारून अर्जुनास वरिले. रुक्मिणीने शिशुपाल टाळण्यासाठी श्रीकृष्णास स्वतः पत्र धाडले. भामिनी पित्याच्या इच्छेस नकार देते आणि शेवटी आपल्याच मनाच्या कौलाने धैर्यधराची होते. या चौघींपैकी एकीनेही वडीलधाऱ्यांनी पुढे केलेला वर निमूटपणे पत्करला नाही. आणि या चौघींवर आमच्या आजोबा-पणजोबांनी, सोवळ्याओवळ्याच्या घरांतून येऊन, रात्र रात्र जागून जीव ओवाळून टाकला.

मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत. वर आणि वधू यांच्या परस्पर इच्छेने जो घडतो तो गांधर्व विवाह. स्मृतिकारांनी त्यास ब्राह्म विवाहाच्या पंक्तीस बसविले नाही हे खरे. परंतु त्यास विवाह म्हणण्याचे नाकारले, असेही नाही. शकुंतलेच्या नाटकात सारे दुःख कोठून उत्पन्न होते? विवाह झाला नाही म्हणून नव्हे. तो झालेला असता भर दरबारात 'ही माझी पत्नी' एवढे तीन शब्द राजाच्या मुखातून बाहेर पडत नाहीत, म्हणून. त्या प्रसंगी ज्या प्रेक्षकांच्या डोळ्यांस धारा लागत, त्यांच्यापुढेच पुढे तसा प्रसंग प्रत्यक्ष उभा राहिला, आणि तेथे दुष्यंताची भूमिका प्रेक्षकांनी केली.

नारायणरावांच्या भक्तीविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. रंगभूमीवरील शृंगार ओसरल्यावर त्यांच्या गाण्यातून जे उरले ते भजन. १९३१ साली त्यांनी 'कान्होपात्रा' रंगभूमीवर आणले. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही कन्या. तिने राजाश्रय झिडकारून विठ्ठलाचे पाय धरले, आणि तिचे स्थान आजही पंढरपूरच्या मंदिराच्या आवारात आहे. १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या बोलपटात ते एकनाथ महाराज झाले. त्या पटाचे मूळ नाव 'महात्मा' होते, ते परीक्षकांच्या आक्षेपामुळे पालटावे लागले. नाथ अस्पृश्याच्या घरी जेवावयास जातात, हा त्यातील मुख्य प्रसंग. १९३७ साली त्यांनी मीराबाईचीही भूमिका केली. वार्धक्यात तर गावोगाव भजनाच्या बैठका हीच त्यांची उपजीविका आणि हेच त्यांचे अनुष्ठान झाले होते. संतचरित्रांच्या इतक्या सान्निध्यात राहिलेल्या पुरुषास, मनुष्याची जात पाहून प्रेम करणे न करणे ठरवावे, असे वाटले नाही तर त्यात नवल ते काय?

आता गोहरबाई. तत्कालीन विजापूर जिल्ह्यातील बिळगी हे त्यांचे गाव. त्यांची बहीण अमीरबाई कर्नाटकी हिचे नाव १९४३ सालच्या 'किस्मत' चित्रपटातील गाण्यांनी हिंदुस्थानभर झाले. गोहरबाईंनीही गायिका म्हणून मुंबईत लौकिक मिळविला होता. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांनी ती गायकी गळ्यावर चढविली. एकलव्याने मातीच्या द्रोणाचार्यापुढे धनुर्विद्या साधावी, तसाच हा प्रकार. १९३८ साली त्या गंधर्व नाटक मंडळीत आल्या. काळ बदलत होता. १९३२ साली मराठी बोलपट निघाला होता. १९३३ साली नाट्यमन्वंतराच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या होत्या. पन्नाशीस पोहोचलेल्या नारायणरावांच्या कंपनीत एक गाणारी नटी यावी, यात काळाचीच गरज होती. पण गरजेतून स्नेह झाला आणि स्नेहातून सोबत. येथे आक्षेपांस प्रारंभ होतो. ते तीन आहेत, आणि तिन्ही प्रामाणिकपणे तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप लक्ष्मीबाईंचा. गोहरबाई मंडळीत आल्या तेव्हा लक्ष्मीबाई हयात होत्या. या आक्षेपापुढे आम्ही मान लववितो. 'मानापमाना'चा पहिला प्रयोग ज्या दिवशी झाला त्याच दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी वारली होती, आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. ही गोष्ट आपण त्यांची निष्ठा म्हणून शंभर वर्षे कौतुकाने सांगत आलो. परंतु त्या रात्री ज्या मातेचे मूल गेले होते ती कोठे होती, हे विचारण्याचे आपणांस कधी सुचले नाही. लक्ष्मीबाईंवर अन्याय झाला असेल तर तो १९३८ साली सुरू झालेला नव्हे. आणि त्यात नाटकगृहात टाळ्या पिटणारे सारेच वाटेकरी आहेत. पतीचा वाटा त्यात सर्वांत मोठा, हे आम्ही लपवीत नाही. तथापि त्या अन्यायाचा सारा भार जी शेवटी आली तिच्या एकटीच्या मस्तकी ठेवणे, हा न्याय नव्हे. शिवाय लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर विवाह होईपर्यंत अकरा वर्षे गेली. विधुराच्या दुसऱ्या लग्नास इतका विलंब आमच्या समाजात किती जणांनी केला असेल, हे वाचकांनी आपापल्या वंशावळी उघडून पाहावे.

दुसरा आक्षेप पैशाचा: या बाईच्या पायी मंडळी बुडाली, असे म्हणतात. वस्तुस्थिती अशी की १९२१ च्या सुमारासच मंडळीच्या डोक्यावर मोठे कर्ज होते. भरजरी शालू, अत्तरे, मूल्यवान पडदे यांवर नारायणरावांचा हात सदैव सैल असे. ते कर्ज त्यांनी रंगभूमीवर उभे राहूनच फेडले. त्यानंतर बोलपट आला, प्रेक्षक तिकडे वळला, आणि 'धर्मात्मा'च्या वेळी मंडळीचे काम बंदच पडले होते. हे सारे गोहरबाई येण्यापूर्वीचे. लयास जाणाऱ्या घरात जी स्त्री शेवटी येते तिच्या पायगुणास दोष देण्याची आपली खोड फार जुनी आहे.

तिसरा आक्षेप धर्माचा. आणि खरे पाहता आतून बोलतो तो हाच. आमच्या शनिवार पेठेत आजही भारत गायन समाज ही संस्था नांदते आहे. १९११ साली ती भास्करबुवा बखल्यांनी स्थापिली. भास्करबुवा हे बालगंधर्वांचे गुरू, आणि 'स्वयंवरा'च्या पदांस चाली दिल्या त्याही त्यांनीच. त्या भास्करबुवांस विद्या कोणी दिली? फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या उस्तादांनी. नारायणरावांच्या मागे तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत, सारंगीवर कादरबक्ष बसत. त्या साथीस दाद देताना कोणाचे सोवळे मोडले नाही. मुसलमानाची विद्या चालली, त्याचा ठेका चालला, त्याचा गज तारेवरून फिरला की अंगावर रोमांच उभे राहिलेले चालले. चालले नाही ते एवढेच, की त्या समाजातील एक स्त्री रंगपटाच्या दारातून निघून माजघराच्या दारापाशी आली.

कायदाही अशा दांपत्यास अनुकूल नव्हता. १९५१ साली हिंदू आणि मुसलमान यांस नोंदणी पद्धतीने विवाह करावयाचा, तर १८७२ च्या कायद्याप्रमाणे 'आम्ही हा धर्म मानीत नाही' असे दोघांसही लिहून द्यावे लागे. ही अट काढून टाकणारा विशेष विवाह कायदा १९५४ साली आला. ज्याच्या कंठी अष्टौप्रहर विठ्ठलाचे नाव, त्याने आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे, अशी ती व्यवस्था होती. समाजाचे दार बंद आणि सरकारचे दार वाकून शिरावे इतके ठेंगणे, अशी ही अवस्था.

शनिवार पेठेने असे एक दार पूर्वीही पाहिलेले आहे. १७३० साली बाजीरावसाहेबांनी ज्या वाड्याचा पाया घातला त्या शनिवारवाड्यास मस्तानीच्या नावाचा दरवाजा आहे. १७४० साली ती दोघेही निवर्तली. तिची कबर पाबळास आहे. त्यांचा पुत्र समशेर बहाद्दर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढून कामी आला. दरवाजास नाव मिळाले, पुत्रास तरवार मिळाली, परंतु मातेस घरातील नाते काही मिळाले नाही. बाजीरावसाहेब विधुर नव्हते, काशीबाई हयात होत्या, म्हणून दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. तरी शब्द नाकारण्याची रीत तीच, आणि पेठही तीच.

आमच्या लहानपणी या पेठेतील वाड्यांच्या ओट्यांवर बालगंधर्वांचा विषय निघाला म्हणजे वृद्ध मंडळींचे डोळे भरून येत. परंतु गोहरबाईंचा उल्लेख आला की स्वर पालटे. नाव कोणी घेत नसे. 'ती' किंवा 'ती बाई' एवढ्यावर काम भागे. बायकामाणसे ऐकत नाहीत ना, हे पाहून कोणी पुढचे बोले. त्या मंडळींस आम्ही दुष्ट म्हणणार नाही. त्यांचे दुखणे निराळेच होते, असे आता वाटते. तीस वर्षे त्यांनी नारायणरावांकडे कुलस्त्रीचा आदर्श म्हणून पाहिले होते. त्यांचे नेसणे पाहून लेकीसुना नेसत. त्यांचे बोलणे ऐकून बोलत. त्या रूपाच्या आत एक पुरुष आहे, तो थकतो, तो एकटा पडतो, त्यास रात्री कोणी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा असे वाटते, हे त्यांस पचले नाही. आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याचा संसारही आपल्या रुचीप्रमाणेच असावा, असे वाटणे हा रसिकतेचा रोग आहे. आजही नामवंतांच्या घरगुती गोष्टींचा न्यायनिवाडा घरोघर चालतो. रोग तोच, साधने तेवढी वाढली.

आणि त्या संसारात प्रत्यक्ष काय घडले? उतारवयात नारायणरावांच्या पायांतील शक्ती गेली. ज्या पायांची चाल पाहावयास माणसे मैलोगणती येत, ते पाय उभे राहीनात. मुंबईस माहीमला राहून दोघांनी दिवस काढले. मंडळी नव्हती, ऐश्वर्य नव्हते, शालू विकले गेले होते. गोहरबाईंचा गळा चालता होता, लौकिक होता, बहीण चित्रपटसृष्टीत प्रसिद्ध होती. स्वार्थच पाहावयाचा असता तर त्यांस वेगळी वाट मोकळी होती. त्या गेल्या नाहीत. पंगू झालेल्या पुरुषाचे उठणेबसणे करीत, त्याच्या भजनास स्वर देत त्या अखेरपर्यंत राहिल्या. १९१९ सालच्या 'एकच प्याला'तील सिंधू आपणांस पातिव्रत्याची परिसीमा वाटते. फाटके लुगडे नेसून जात्यावर बसलेली ती सिंधू नारायणरावांनीच अजरामर केली. दैवगती अशी की, पडत्या काळात पतीस न सोडणारी ती सिंधू त्यांच्या स्वतःच्या घरी आली तेव्हा ती बिळगीची मुसलमानीण होती, आणि म्हणून आम्हांस ती ओळखू आली नाही.

१९६४ साली सरकारने बालगंधर्वांस पद्मभूषण दिले. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. दुसऱ्यांदा विधुर झालेले नारायणराव त्यानंतर तीन वर्षे जगले आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात निवर्तले. १९६२ साली त्यांच्याच हस्ते भूमिपूजन झालेले रंगमंदिर मुठेच्या पलीकडील तीरावर १९६८ साली, त्यांच्या जन्मतिथीस, २६ जूनला उघडले. तेथे चित्रकार गोपाळराव देऊसकरांनी काढलेली त्यांची दोन तैलचित्रे आहेत: एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीवेषातील. पुण्याने त्यांची दोन्ही रूपे भिंतीवर मानाने लाविली, हे उचितच झाले. परंतु शेवटची सव्वीस वर्षे ज्या स्त्रीने त्यांची सोबत केली तिच्या आठवणीस पुण्याने काय दिले, असे कोणी विचारल्यास आम्हांस खाली पाहावे लागेल.

रस्त्यास तिचे नाव द्यावे, पुतळा उभारावा, असे आमचे म्हणणे नाही. आमचे मागणे फार लहान आहे. घरात मुलाबाळांस बालगंधर्वांची गोष्ट सांगाल, तेव्हा लक्ष्मीबाईंचे नाव आदराने घ्या, आणि पुढे 'त्यांच्या दुसऱ्या पत्नी गोहरबाई' असे स्वच्छ शब्दांत म्हणा. 'पत्नी' हा शब्द उच्चारावयास जिभेस कष्ट पडत नाहीत. पडतात ते मनास, आणि ते पडावेत यासाठीच तर आम्ही हे लिहीत आहो.

त्याहूनही निकटचे एक मागणे आहे. ज्यांच्या घरी आई गेली आहे आणि वडील एकटे आहेत, अशी घरे आता आपल्या समाजात पुष्कळ आहेत. मुले परदेशी, सुना नोकरीवर, आणि वडील सकाळी ओंकारेश्वरी जाऊन येतात ते थेट रात्री कोणाशी बोलतात. अशा वडिलांनी एखाद्या संध्याकाळी चाचरत चाचरत कोणा बाईंचे नाव काढले, तर तिची जात, तिचा पूर्वेतिहास आणि लोक काय म्हणतील, हे तीन प्रश्न तूर्त बाजूस ठेवावे. चौथा प्रश्न आधी विचारावा: बाबा, त्यांच्या सोबतीत तुम्हांस बरे वाटते का? उत्तर होकारार्थी आले, तर त्या बाईंस 'त्या बाई' म्हणू नये. घरात बोलवावे, पाट मांडावा, आणि कोणत्या नात्याने हाक मारू, ते त्यांसच विचारावे.